गळाची छाप

आम्ही चाकू बनवतो असं सांगितलं की समोरचा माणूस आधी जरा मागे सरकतो आणि मग विचारतो, म्हणजे रामपुरी का? आमच्या जेसल पार्कच्या सोसायटीत मी पाठमोरी झाले की काही जणी मला ‘चाकूवाली’ म्हणतात. म्हणोत बापड्या. त्यांच्या घरचा कांदा ज्या सुरीने चिरला जातो ती कोणीतरी बनवलेलीच असते ना? पण सुरी स्वयंपाकघरात राहते आणि चाकू खिशात, एवढ्यावरूनच एकाला अब्रू आणि दुसऱ्याला पोलीस.

आमचा चाकू घडीचा. मिटला की तळहातात मावेल एवढा. शिसवी मूठ, आखूड पातं, शेपटाला दोरी ओवायला कडी. पात्याला टोक नाही, पुढून ते बोथट आणि खाली वळलेलं. अशा चाकूने कुणाला धमकावता यायचं नाही, समोरचा हसेल. तो जाळ्याचा दोर कापायला आहे. भाईंदर पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात तो तयार होतो आणि त्यातला निम्मा माल आजही उत्तन पट्ट्यातल्या होड्यांवर जातो, विशेषतः तारोडी गावाला.

तो सासऱ्यांनी काढला. सासरे रायगडातून मुंबईला आले आणि भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला लागले. गोदीत काम करणाऱ्या एका दोस्ताने त्यांना परदेशी खलाशाचा एक जुना घडीचा चाकू आणून दिला होता. स्वतःचा गाळा घेतल्यावर सासऱ्यांनी तसाच एक बनवला आणि तारोडीच्या किनाऱ्यावर नेऊन दाखवला. तिथला एक म्हातारा तांडेल त्यांना म्हणाला, टोक काढ, लाट आली की मांडीत जातं. त्यांनी टोक काढलं. दुसऱ्याने सांगितलं, मूठ ओली झाली की सटकते. त्यांनी मुठीला मधे कंबर दिली. असं चार-पाच वर्षं चाललं होतं म्हणे. मी लग्न होऊन रत्नागिरीहून आले तेव्हा चाकू पुरता तयार होता आणि पात्याच्या बुडाशी त्याची छाप होती, एक छोटासा गळ. ती छाप ठोकायची पोलादी छापणी सासऱ्यांनी स्वतः कानस घेऊन कोरली होती. परदेशी चाकूची गोष्ट ते कुणालाही सांगत, अगदी गिऱ्हाइकालाही. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना कधी वाटलंच नाही.

सासऱ्यांचा एक नियम होता. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा तारोडीवाले जाळी विणतात, होड्या रंगवतात आणि चाकू आमच्याकडे आणून टाकतात. खाऱ्या पाण्याने रिव्हेट ढिले होतात, धार जाते. आम्ही ते उघडून, साफ करून, धार लावून देतो. फुकट. त्या दिवसांत आलेलं हत्यार परत पाठवायचं नाही, असा नियम. माणूस दर्यावर जायला निघालाय, त्याला नाही म्हणायचं नाही. मग कोणी नारळ वाहून होडी सोडो, कोणी पाद्रीबाबांकडून पाणी शिंपडून घेवो, चाकू सगळ्यांचे आमच्या टेबलावरून जायचे. सासरे गेले, नियम राहिला, आणि तो माझ्या नवऱ्याकडे आला. माझा नवरा म्हणजे गोगलगाय. त्याच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द मी आमच्या लग्नातसुद्धा ऐकला नव्हता, त्यामुळेच बहुधा लग्न झालं.

नक्कल पहिल्यांदा मी मीरा रोडला स्टेशनबाहेर पाहिली. मोबाइलची कव्हरं, नेलकटर, टॉर्च असा पसारा मांडलेला आणि त्यात आमचा चाकू. एक नाही, ढीग. मी उचलून पाहिला. कंबर असलेली मूठ, बोथट टोक, कडी, बुडाशी गळ. मूठ शिसवी नव्हती, लाकडासारखा रंग दिलेलं प्लास्टिक. किंमत आमच्या निम्म्याहून कमी. विकणारा मला सांगत होता की आंटी ले लो, भाईंदर का ओरिजिनल माल है. मला हसू पण आलं आणि तळपायाची आग मस्तकातही गेली.

वरून पाहिलं तर फरक कळत नाही, हे मी मान्य करते. फरक पोटात आहे. मुठीच्या पाठीत एक पोलादी पट्टी असते, स्प्रिंगची. पातं उघडलं की ती खटकन खाचेत बसते आणि मग कितीही जोर द्या, पातं मिटत नाही. ती पट्टी तापवून, तेलात बुडवून, पुन्हा हलकी तापवावी लागते. आमच्याकडे याला पट्टीला पाणी देणं म्हणतात. ते काम नवऱ्याचं. रंग बघून तो पट्टी बाहेर काढतो आणि त्या वेळी त्याच्याशी बोललेलं त्याला चालत नाही. गोगलगायीचा तेवढाच काय तो शिंग काढायचा वेळ. नक्कल करणाऱ्यांनी पट्टीला पाणी दिलंच नव्हतं. नुसता पत्रा कापून बसवलेला. महिनाभर खटका वाजतो, मग वाजायचा थांबतो.

मी घरी येऊन आरडाओरडा केला. नवरा म्हणाला, बाजार आहे, चालायचंच. मला वाटलं, ठीक आहे, तारोडीची माणसं शहाणी आहेत, त्यांना अस्सल आणि नक्कल कळते. दुकानांत चार नग कमी खपतील. आमची रोजीरोटी दुकानांवर नाही, तारोडीवर आहे, आणि तारोडी आमच्या हातात आहे. अशी मी दोन हंगाम निवांत बसले.

मग ती बाई आली.

तारोडीची, मासळी विकणारी, माझ्याच वयाची. गाळ्याच्या दारात चपला काढून आत आली. आमच्याकडे चाकू हातातून हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. तिनेही टेबलावर ठेवला आणि बोट लावून माझ्याकडे सरकवला. पात्यावर डाग वाळलेला होता. तिचा नवरा किनाऱ्यावर जाड दोर कापत होता, जोर दिला तशी पट्टी सुटली आणि पातं त्याच्याच उजव्या हातावर मिटलं. दोन बोटांच्या शिरा तुटल्या. टाके पडले, ऑपरेशन झालं, पण बोटं वळत नव्हती. हे सगळं तिने आवाज न चढवता सांगितलं. मी चाकू उचलला आणि खटका दाबताच मला कळलं.

“आमचा नाही हा,” मी म्हणाले.

“मंग छाप कोनाची?”

“छाप आमची आहे. चाकू आमचा नाही.”

हे वाक्य माझ्याच कानाला खोटं वाटलं. तिने माझ्या मागे पाहिलं. नवरा भट्टीपाशी उभा होता, मान खाली घालून.

“गेल्या साली माझ्या दिराचा चाकू त्यानं नीट करून दिला,” ती त्याच्याकडे बोट करून म्हणाली. “टेशनवरून घेतलेला. तवा न्हाय बोलला, यो आमचा न्हाय. म्हनून माझ्या घोवानंबी तिथनंच घेतला. सस्ता पडला आनि तुमी नीट तर करताच.”

मी नवऱ्याला विचारलं, खरं का?  नंतर तुकड्या-तुकड्याने सगळं बाहेर आलं. दोन्ही पावसाळे लोक नकली चाकू आणत होते, पट्टी ढिली झाली म्हणून, आणि हा माझा नवरा मुकाट्याने ती पत्र्याची पट्टी काढून आपली पट्टी बसवून देत होता. पाणी दिलेली, तेलात बुडवलेली, आपल्या हाताची. वर धार लावून, पुसून. नियम म्हणे, हंगामाच्या आधी परत पाठवायचं नाही. आणि त्या माणसाला तोंडावर कसं सांगायचं की तू फसलास, त्याला वाईट वाटेल.

म्हणजे बाजारातल्या चोराने नुसतं शरीर चोरलं होतं, त्यात जीव आमच्याच गाळ्यात घातला जात होता. दुरुस्त झालेले नकली चाकू वर्षभर उत्तम चालले. तारोडीने पाहिलं की स्वस्तातलाही तेवढाच चांगला निघतो, आणि तारोडीने स्वस्तातला घेतला. त्यातला एक आमच्याकडे दुरुस्तीला येण्याआधीच हातावर मिटला. असली चूक आमच्याच घरात होऊ शकते. दुसऱ्या कुणी नकली माल पाहून शिव्या दिल्या असत्या.

मी त्या दिवशी नवऱ्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तो ऐकून घेत होता आणि त्याचा मला जास्तच राग येत होता. पण सगळ्यात जास्त राग आला तो बाईच्या डोळ्यांत दिसलेल्या गोष्टीचा. ती आमच्याकडे भरपाई मागायला आलेली नव्हती. आम्ही खोटं बोलतोय की खरं, एवढंच ती बघत होती, आणि तिला वाटत होतं की खोटं. चाळीस वर्षं ज्या किनाऱ्यावर गळाची छाप म्हणजे आंधळा विश्वास, तिथे आता ती छाप म्हणजे दोन न वळणारी बोटं. नुकसान भरून येतं. हे कसं भरून यायचं?

आमच्याच बिल्डिंगमधल्या एका वकिलीणबाईंना विचारलं. भली बाई आहे, चहा देऊन वाईट बातमी सांगते. म्हणाली, डिझाइनची नोंदणी माल बाजारात आणण्याआधी करायची असते, आता इतक्या वर्षांनी त्यात नवं काही उरलं नाही, कोणीही तसा चाकू बनवू शकतो. छापेसाठी मात्र लढता येईल. मग तिने विचारलं की तुम्ही इतके दिवस काय केलं, आणि मी नवऱ्याची दुरुस्तीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, समोरचा म्हणेल, तुम्हीच तो माल दुरुस्त करून देत होता, म्हणजे तुमची हरकत नव्हती. केस होईल, पण लांबेल. मी विचारलं, किती? तिने कपात चहा ओतला.

मग मी घाऊक व्यापाऱ्याकडे गेले. भाईंदर पश्चिमेला बाजारात त्याचं दुकान, छत्रीपासून कुलपापर्यंत सगळं ठेवतो. नकली माल तोच मागवतो हे सगळ्या बाजाराला माहीत होतं. त्याने मला बसायला स्टूल दिलं, थंड मागवलं, आणि अजिबात नाकारलं नाही. चोर तो चोर वर शिरजोर म्हणतात, पण हा शिरजोरही नव्हता. तो हसतमुख होता, आणि ते मला सहन होईना.

“भाभी, कॉपी उसी की होती है जिसका माल चलता है,” तो म्हणाला. “आप तो खुश हो जाओ.”

मग त्याने धंद्याची गोष्ट काढली. तुम्ही भट्टी, पॉलिश, कामगार ही कटकट कशाला करता? छाप आम्हाला द्या, कायदेशीर. प्रत्येक नगामागे तुम्हाला घरबसल्या पैसे. मी नाही म्हटल्यावर त्याने तिरका वार केला. तुमच्या सासऱ्यांनी तरी काय केलं, फॉरेनच्या चाकूची कॉपीच ना? ते स्वतःच सांगायचे सगळ्यांना.

परतताना रिक्षात त्याचं ते बोलणं माझ्या डोक्यात भुणभुणत राहिलं, कारण ते खोटं नव्हतं. जगात कोणता चाकू आभाळातून पडला? प्रत्येक चाकूला कुठला तरी जुना चाकू बाप असतोच. पण सासऱ्यांनी परदेशी चाकू तारोडीवाल्यांसमोर ठेवून विचारलं होतं, तुम्हाला कसा हवा? या माणसाने आमचा चाकू कारखान्यासमोर ठेवून विचारलं, कितीत पडेल? पहिल्याला मी शिकणं म्हणते. दुसऱ्याला काय म्हणते ते रिक्षावाल्याने ऐकलं, कारण मी मोठ्याने म्हणाले.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं की यंदा चाकू आपल्याकडे येणार नाहीत, आपण चाकूंकडे जायचं.

पावसाने उघडीप दिली त्या एका सकाळी आम्ही छोटा ग्राइंडर, पट्ट्यांचा डबा, छापणी, रिव्हेट आणि हातोड्या टेम्पोत टाकून तारोडीला गेलो. त्या बाईच्याच घरी गेलो. तिने दारातून आत घेतलं नाही, पण ओसरीवरून वीज दिली. तिचा नवरा खुर्चीत बसून होता, उजवा हात मांडीवर पालथा. मी निरोप धाडला की गळाची छाप असलेले सगळे चाकू आणा. हळूहळू माणसं जमली. कोणी चाकू घेऊन, कोणी नुसती तमाशा बघायला.

मी सरळ सांगितलं. यातले काही चाकू आमचे नाहीत, आणि हे आम्ही तुम्हाला आधी सांगितलं नाही. नियम आहे तसा आहे, एकही हत्यार परत पाठवणार नाही, सगळे नीट करून देऊ. पण जो आमचा नाही त्याच्यावरची छाप आम्ही काढून घेणार. चाकू तुमचा, तो ठेवा. छाप आमची, ती आम्ही घेऊन जाणार.

कुणीतरी मागून म्हणालं की हे बरं आहे, आता अपघात झाल्यावर हात वर केले. मी म्हटलं, वर नाही केले, इथे घेऊन आलेय, बघा. आणि ग्राइंडर चालू केला.

नवरा एकेक चाकू उघडायचा, खटका ऐकायचा आणि आपला की परका ते सांगायचा. पहिल्यांदा त्याचा आवाजच फुटत नव्हता. ज्याच्या हातून चाकू घेतला त्याच्या तोंडाकडे बघून “हा... हा जरा...” असं काहीतरी व्हायचं. मी ग्राइंडर बंद करून त्याच्याकडे पाहत राहायची. मग तो म्हणायचा, “आमचा नाही.” नंतर नंतर तो न अडखळता म्हणू लागला. परक्या चाकूवरचा गळ मी चाकावर धरायची, ठिणग्या उडायच्या आणि तिथे नुसता पांढरा ओरखडा राहायचा. मग तो पट्टी बदलून द्यायचा. हिशोब केला असता तर आम्ही त्या दिवशी व्यापाऱ्याचा माल फुकटात सुधारून दिला असं निघालं असतं. म्हणून मी केला नाही.

काही चाकूंशी नवरा अडला. मूठ प्लास्टिकची, पातं बाजारू, पण आत पट्टी आमची, रिव्हेट आमचा, गेल्या वर्षी त्यानेच बसवलेला. तो माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, अगं, यात अर्धा तर आपलाच आहे. मी म्हटलं, अर्धा आपला चालत नाही. आणि घासला.

शेवटी बाईने तो चाकू आणला, वाळल्या डागाचा. धुतलाही नव्हता. नवऱ्याने पट्टी काढली, नवी बसवली, रिव्हेट ठोकला, आणि मी छाप घासून टाकली. तिने खटका स्वतः दोनदा वाजवून पाहिला. आता तो पक्का होता. मग तिने तो परत माझ्यासमोर ठेवला.

“आता तुमीच नीट केलाव. मारा तुमची छाप.”

सगळे पुढे सरकले. खुर्चीतला माणूसही बघत होता. तिचं म्हणणं रास्त वाटेल असंच होतं. आम्ही दुरुस्त केला, आम्ही जबाबदारी घ्यावी. आणि ज्या घराला एवढं सोसावं लागलं त्यांना नाही कसं म्हणायचं? नवऱ्याचा हात छापणीकडे गेलाच. त्या क्षणी मला भीती वाटली, हे मी कबूल करते. इथे नाही म्हटलं तर तारोडी गेली. हो म्हटलं तर काय उरलं?

मी छापणीवर हात ठेवला.

“नाही मारणार वहिनी,” मी म्हणाले. “पट्टी आमची आहे, पातं आमचं नाही. ते उद्या तुटलं तर मी पुन्हा तुमच्या दारात येऊन म्हणू का, की हा आमचा नव्हता?”

तिने खटका आणखी एकदा वाजवला. मग चाकू उचलून घरात नेला. मला वाटलं, संपलं. पण ती बाहेर आली ती तांब्याभर पाणी आणि दोन पेले घेऊन, आणि एक पेला आधी माझ्या नवऱ्याला दिला.  लोक आपापले चाकू घेऊन पांगले. त्यातल्या एकाने आमच्याकडे नव्या चाकूंची मागणी लावली, तशी मग दुसऱ्यानेही.

आम्ही सामान आवरत होतो तेव्हा खुर्चीतला माणूस पहिल्यांदा बोलला. त्याने विचारलं की चाकू डाव्या हाताने उघडेल असा होतो का? उजव्यात जोर राहिला नाही, पण होडीवर तर जायचंच आहे.

आमचा चाकू एका हाताने उघडतो, कारण दुसऱ्या हातात दोर असतो. त्यासाठी पात्याच्या एका बाजूला अंगठा टेकायला खोलगट खळी काढलेली असते. ती उजव्या अंगठ्याच्या बाजूला. डाव्या हातात धरला तर अंगठ्याखाली नुसतं गुळगुळीत पोलाद येतं. सासऱ्यांना हे कधी कुणी विचारलं नव्हतं, आम्हालाही नाही. नवरा त्याच्यापुढे उकिडवा बसला, त्याचा डावा हात हातात घेतला, अंगठा कुठवर पोहोचतो ते पाहिलं, चाकूच्या मुठीवर खडूने खुणा केल्या. इतका वेळ कुणाचा हात धरून बसलेला मी त्याला पाहिलं नव्हतं, माझासुद्धा नाही. आठवड्याने आम्ही तो चाकू देऊन आलो. खळी उलट्या बाजूला, मुठीची कंबर जरा पुढे. बाईने तो फुकट घेतला नाही, चाकू फुकट घेतला तर नातं तुटतं म्हणाली, आणि भावात मी एक रुपयाही कमी केला नाही असं नंतर सगळ्यांना सांगत फिरली. तिच्या नवऱ्याने तो डाव्या हाताने उघडला, मिटला, पुन्हा उघडला. नारळी पौर्णिमेनंतर होडी गेली तेव्हा तो होडीवर होता.

किनारपट्टीवर डावखुरी माणसं बरीच आहेत असं तेव्हा लक्षात आलं. मागणी आली, आम्ही थोडे बनवले. त्यांतला एखादा कुठून तरी बाजारात गेला असणार.

कारण यंदा मी पॉलिशपेपर आणायला भाईंदर पश्चिमेला गेले, तर व्यापाऱ्याने दुकानातूनच हाक मारली. भाभी, आओ, नया डिझाइन देखो. त्याच्यामागे भिंतीशी खोकी छतापर्यंत रचलेली. आमच्यात वितुष्ट आहे हे तो विसरला होता, किंवा त्याच्या हिशोबात ते वितुष्ट नव्हतंच. त्याने चाकू काउंटरवर ठेवला. मूठ, कडी, बोथट टोक, बुडाशी गळ. मी उचलला आणि उजवा अंगठा पात्यावर टेकला. अंगठ्याखाली गुळगुळीत पोलाद लागलं. मी तो उलटा केला. खळी पलीकडच्या बाजूला होती.

मी आधी हसले. दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघू लागली इतकी हसले. मग माझं हसू गेलं.

“उघडून दाखवा,” मी म्हणाले. एरवी मी त्याच्याशी हिंदीत बोलते, सगळेच बोलतात. त्या दिवशी मराठीत बोलले.

त्याने उजव्या हातात घेतला. अंगठा घसरला. पुन्हा घसरला. त्याने हसत दुसरा चाकू काढला. तोही तसाच. मग त्याने मागच्या खोक्यांकडे एकदा पाहिलं.

“तो उजव्या हाताने उघडत नाही शेठ,” मी म्हणाले. “तारोडीला एक माणूस आहे. तुमच्या चाकूने त्याचा उजवा हात गेला, म्हणून हा डाव्यासाठी बनवला. तुम्ही त्याच्या जखमेचीपण कॉपी केलीत.”

 त्याचं हसणं राहिलं नव्हतं. शेवटी त्याने दोन्ही हात लावून पातं उघडलं, उगाचच, आणि मिटायला घेतलं.

“बोटं सांभाळा,” मी म्हणाले. “पट्टी कच्ची आहे.”